किशनरावांचा कान

"बाई, लिहा," असं म्हणून किशनराव खोलीत फेऱ्या मारायला लागले की मी पेनाचं टोपण काढून बसायचे. खुर्चीत बसून त्यांना एक ओळ सुचत नसे. खिडकीपासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून परत खिडकीपर्यंत. खिडकीशी ते जावई असत, फ्रिजशी पोचले की सासू. मधे पोलीस लागला तर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पोलीसही होत. मग आतून त्यांच्या पत्नी, सुशीलाबाई, म्हणत, "अहो, सरका जरा, कुकर उतरवायचाय." एकदा लिहिण्याच्या घाईत मी तेही वाक्य पोलिसाच्या संवादाखाली लिहून टाकलं. वाचून दाखवताना लक्षात आलं तशी खोडायला गेले, तर किशनराव म्हणाले, "ठैरा बाई. मजबूत आहे. राहू द्या." पिक्चरमध्ये ते वाक्य राहिलं आणि त्यावर लोक हसलेही. सुशीलाबाई मात्र तो पिक्चर बघून आल्यावर दोन दिवस आम्हा दोघांशी बोलल्या नाहीत.

किशनराव सेलूकर हे नाव महाराष्ट्रात कुणाला माहीत असायचं कारण नाही. आमच्या हैदराबादेत मात्र रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणालाही विचारा. दखनीत, म्हणजे इथल्या गल्लीबोळात बोलतात त्या हिंदी-उर्दूत, जे छोटे विनोदी पिक्चर निघतात, त्यांतले निदान पंधरा त्यांनी लिहिले, बसवले आणि त्यांत कामंही केली. तरुणपणी पाटबंधारे खात्यात कारकून होते. गणपतीत मराठी मंडळाची नाटकं बसवायचे. तिथून कुणीतरी त्यांना तेलुगू सिनेमात विनोदाचे प्रसंग लिहायला नेलं. तेलुगू त्यांना जेमतेम यायचं. ते दखनीत करून दाखवत आणि दुसराच कुणीतरी ते तेलुगूत लिहून नाव लावत असे. याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. "हसले ना लोक? मग झालं," एवढंच.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, हिमायतनगरात. मराठी शाळेत शिकवत होते. शाळेत पोरं उरली नाहीत तशी शाळा बंद पडली, आणि मी रिकामी झाले. एक दिवस किशनराव जिना उतरून आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे. माझं मलाच लागत नाही." तेव्हापासून मी त्यांची लेखनिक. भाषा दखनी, लिपी बाळबोध, आणि वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती लिपी येत नाही, असला सगळा कारभार. मी सेटवर जाऊन मोठ्यांदा वाचायचे, नट ऐकून पाठ करायचे. मराठी शुद्धलेखनासाठी जन्मभर पोरांचे कान पिळलेली मी, "मेरेकू" आणि "कायकू" असलं लिहीत बसले याची सुरुवातीला फार लाज वाटायची. नंतर सवय झाली, आणि खोटं कशाला बोलू, मजाही येऊ लागली.

ते मला भेटले तेव्हाच थकलेले होते. "थकलो बाई," हे ते दार उघडताना म्हणत, दार लावताना म्हणत, चहाचा कप खाली ठेवताना म्हणत. लोकांना वाटायचं की विनोदी माणूस आहे, गंमत करतोय. गंमत नव्हती. त्यांना खरोखरच थकवा यायचा, आणि तो लोकांचा. कुठेही गेले तरी लोक त्यांना एक वाक्य म्हणायला लावत. एका पिक्चरमध्ये त्यांनी बहिणीच्या घरी येऊन हलायचं नाव न घेणाऱ्या मेव्हण्याचं काम केलं होतं. तो रोज सकाळी बॅग भरतो, रोज चप्पल घालतो आणि म्हणतो, "मैं जारौं बोलके बोलरौं, जारौं नै!" जातो म्हणतोय, जात नाही, एवढंच ते वाक्य. भाजीवाला म्हणायला लावायचा, बँकेतली मुलगी म्हणायला लावायची. एकदा त्यांची दाढ काढायची होती म्हणून मी आणि सुशीलाबाई सोबत गेलो होतो. दाढ काढून झाली, तोंडात कापसाचा बोळा, गाल सुजलेला, आणि तिथला कंपाउंडर मोबाइल धरून पुढे उभा. "किशन साब, बस एक बार!" सुशीलाबाई त्याच्यावर ओरडणार तेवढ्यात किशनरावांनी हात वर केला, कापूस गालात सरकवला आणि ते वाक्य म्हटलं. बोबडं म्हटलं, पण वेळ चुकवली नाही. कंपाउंडर हसून लोटपोट झाला. बाहेर रिक्षात बसल्यावर ते कागदावर लिहून म्हणाले, "बोबडं जास्त मजबूत होतं." त्याखाली लिहिलं, "थकलो."

"मजबूत" हा त्यांचा सगळ्यात मोठा शेरा. जे हसू आणत नाही ते "पानी". "हे पानी आहे बाई, खोडा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून पानंच्या पानं खोडून घेतली आहेत. त्यांतली कित्येक मला आवडलेली होती. मी हट्टानं एखादं वाक्य ठेवायला सांगितलं तर म्हणत, "तुम्ही एकट्या हसलात. एकटं माणूस कशालाही हसतं."

त्यांची खरी परीक्षा शुक्रवारी असे. पिक्चर लागला की पहिल्या खेळाला ते थेटरात जात, पण आत कधीच जायचे नाहीत. पडद्यावर स्वतःचं थोबाड बघवत नाही म्हणत. हॉलच्या दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभे राहत. हातात माझ्याकडून लिहून घेतलेला सीनच्या नंबरांचा कागद. आतून हशा आला की त्या नंबरापुढे खूण करायची. नुसती खसखस असेल तर एक, सगळा हॉल हसला तर दोन, आणि पुढचं वाक्य हशात बुडालं तर तीन. मी आत लोकांत बसायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्हीही आत बसून तोंडं का बघत नाही? चटकन कळेल." तर म्हणाले, "तोंडं खोटं बोलतात बाई. बायको शेजारी असली की नवरा उगाच दात दाखवतो. आवाज खोटा काढता येत नाही. आणि त्यातही बायकांचा ऐकायचा. पुरुष शेजारचा हसला म्हणून हसतो. बाई हसायची नाही म्हणून बसलेली असते आणि तरी हसते, ते खरं."

कान असा, की नुसता आवाज ऐकून सांगत, बाल्कनी हसली, खालचे लोक हसले नाहीत. एकदा शो संपताच ते थेट एडिटरकडे गेले आणि म्हणाले, दारावर टकटक होते आणि दार उघडतं, त्यामधली दोन पावलं कापा. एडिटरनं वैतागून कापली. दुसऱ्या दिवशी त्या जागी, जिथे आदल्या दिवशी चिटपाखरू हललं नव्हतं, तिथे हॉल फुटला. तेव्हापासून दुसऱ्यांचे पिक्चर लागले तरी निर्माते यांना दाराबाहेर उभं करायला न्यायचे. तेलुगूत कानाला चेवी म्हणतात. "किशन गारूंची चेवी", म्हणजे किशनरावांचा कान, असा धंद्यात शब्दच पडला होता. किशनराव काय लिहितात, कसं काम करतात, याच्यापेक्षा त्या कानावर लोकांचा भरवसा जास्त होता. मला तर वाटतं, त्यांचा स्वतःचाही.

आता चांदपाशांबद्दल सांगायला हवं. चांदपाशा नामपल्ली स्टेशनच्या मागे राहतात, किशनरावांच्याच वयाचे, बांबूसारखे उंच आणि बारीक. पहिल्या पिक्चरपासून दोघं बरोबर. चांदपाशांना लिहिता-वाचता येत नाही, पण मी एकदा वाचलं की त्यांना स्वल्पविरामासकट पाठ. मधे पाचसहा वर्षं त्यांना कामच मिळालं नाही. मुलगी शिवणकाम करायची, हे तिच्या दुकानाच्या पायरीवर बसून असायचे. किशनरावांनी शेवटच्या पिक्चरमध्ये खास त्यांच्यासाठी एक प्रसंग लिहिला. बावीस नंबर.

प्रसंग असा. एका मुलाचं लग्न ठरवायचंय, पण घरात वडीलधारं कुणी नाही. म्हणून मुलीवाल्यांपुढे बसवायला भाड्यानं आजोबा आणतात. त्यांना बजावलेलं असतं, काही बोलायचं नाही, शेवटी फक्त "मंजूर" म्हणायचं. चांदपाशा तो भाड्याचा आजोबा. बैठक सुरू होते. आजोबा शांत बसलेले. मुलाचं कौतुक चालू होतं, आणि हळूहळू त्यांच्या मनात काहीतरी शिरतं. ते मुलीच्या बापाला म्हणतात, "नक्को देओ लड़की." सगळे हादरतात. "लड़का निकम्मा है. सुबू ग्यारा बजे उठता." मुलाचा मामा कानात ओरडतो, तुम्हाला काय माहीत? त्यावर आजोबा अगदी दुखावल्या चेहऱ्यानं म्हणतात, "मैं दादा हूँ इसका. मेरेकू नै मालूम तो किसकू मालूम?" पुढे तर ते नातवाला मांडीवर खेळवल्याच्या आठवणी सांगून रडायला लागतात. मी हे लिहून घेताना मला लिहिता येईना, इतकं हसू येत होतं. किशनराव फ्रिजजवळ आजोबा होऊन रडत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "मजबूत आहे बाई. चांदपाशा परत उभा राहतो बघा याच्यावर."

त्याच सुमारास, आता मागे वळून बघितलं की कळतं, काही गोष्टी बदलल्या होत्या. मी वाचून दाखवताना ते "परत वाचा" म्हणायला लागले होते. मला वाटायचं, माझं वाचन आवडेनासं झालंय. फोन घेणं सोडलं होतं. "ते आराम करू लागलेत," असं सुशीलाबाईच सगळ्यांना सांगायच्या. मी जिन्यात हाक मारली तर वळूनही बघायचे नाहीत. मोठे झाले, आता कशाला ओळख देतील, असं मी मनात म्हणायचे. माझा स्वभाव पहिल्यापासून असा, आधी राग येतो आणि अक्कल मागून येते.

शुक्रवारी पिक्चर लागला. मी आत, ते बाहेर. बावीस नंबर आला आणि माझ्या आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. पुरुष नुसते बघत होते. बायकाही मोठ्यांदा नव्हे. पदर तोंडावर, ओढणी तोंडावर, खुदुखुदु, आणि ते थांबेचना. आजोबा रडायला लागले तसं माझ्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी हसता हसता रडायला लागली. पोरं किंचाळत होती. शो संपून गुडघ्यांना सांभाळत मी बाहेर येईपर्यंत किशनराव निघून गेले होते. मला वाटलं, खूश होऊन चांदपाशांकडे गेले असतील.

सोमवारी सकाळी चांदपाशांचा फोन आला. आवाज इतका हळू की आधी ओळखलाच नाही.

"टीचरम्मा, मेरा सीन कायकू काटे?"

मला काही समजेना. त्यांनी सांगितलं ते असं. रविवारी ते मुलगी, जावई, नातवंडं, गल्लीतले शेजारी, सगळ्यांना घेऊन पिक्चरला गेले. नवीन कुर्ता शिवला होता मुलीनं. मध्यंतर झालं, पिक्चर संपत आला, भाड्याचे आजोबा काही आले नाहीत. एका ठिकाणी ते नुसतेच लग्नात मागे उभे दिसले. नातू म्हणाला, नाना, तुमचं हेच काम होतं का? दिवे लागले तरी चांदपाशा खुर्चीतून उठले नाहीत. "लोगां क्या सोंचे होंगे," ते म्हणाले. "झूटा बोला बुड्ढा, बोलके सोंचे होंगे."

मी तशीच वर गेले. किशनराव खिडकीशी बसले होते. रागाच्या भरात मी काय काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी शांतपणे खिशातून शुक्रवारचा कागद काढून माझ्यापुढे धरला. एकवीसपुढे दोन खुणा, तेवीसपुढे तीन. बावीसपुढे काही नाही.

"हॉल गप्प होता बाई," ते म्हणाले. "चार मिनिटं गप्प. मला काय आनंद झाला का काढताना? पण पानी ते पानी."

"मी आत होते," मी म्हणाले. "बायका मरत होत्या हसून."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नंतर मला कळलं, की ते माझे ओठ बघत होते. मग म्हणाले, "बायका?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बायका हसल्या होय," आणि कागदाची घडी घालायला लागले.

सुशीलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्याच मला म्हणाल्या, "कमलताई, दोन वर्षं झाली. बारीक आवाज जात नाही यांच्या कानात. बायकांचा तर नाहीच. मी बोलते आणि हे कळल्यासारखं मान डोलावून नुसतं हव म्हणतात."

"कानाचं मशीन आणलंय," किशनराव म्हणाले. "ड्रॉवरमध्ये आहे. ते लावून एकदा कुणासमोर गेलो की संपलं बाई. माझ्याकडे दुसरं काय आहे? लिहायला आता पोरं आहेत, माझ्यापेक्षा चांगली. काम करायला मी कधीच मोठा नट नव्हतो. ही चेवी होती." मग नेहमीसारखं "थकलो" म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले नाहीत.

प्रश्न अगदी सरळ होता आणि तो तिघांनाही दिसत होता. पिक्चर अजून चालू होता. निर्मात्याला सांगितलं तर सीन परत घालता आला असता. पण का काढला होता ते सांगावं लागलं असतं, आणि पुढच्या पिक्चरचं बोलणं त्याच निर्मात्याशी चाललं होतं. मी म्हणाले, काहीतरी दुसरं कारण सांगू. किशनराव म्हणाले, "सांगा ना. सुचवा." मी विचार करायला लागले आणि मला काही सुचेना. त्यांनाही सुचेना, ज्यांनी आयुष्यभर लोकांना थापा मारणारी माणसं लिहिली. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी वर गेले नाही. रागावले होते की घाबरले होते, माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यांनीच दार वाजवलं. कानात मशीन होतं. बटाट्याच्या सालीच्या रंगाचं, लहानसं, पण त्यांच्या कानात ते मला भिंगरीएवढं दिसलं. "चला बाई, नामपल्लीला," ते म्हणाले. "तुम्ही बोला, मला रस्त्यात काही कळत नाही. याच्यात सगळा बेगम बाजार एकदम कानात शिरतो. माणूस कोण आणि हातगाडी कोण, काही उमगत नाही."

चांदपाशा पायरीवर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. किशनराव त्यांच्यापुढे उभे राहिले. काही लिहून आणलं असेल असं मला वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. त्यांनी मान वळवून कान पुढे केला आणि बोटानं दाखवला.

"मेरेकू सुनाई नै आया चांद. औरतां हँसे, मेरेकू सुनाई नै आया. मैं बोला, सीन खराब है. काट दिया."

चांदपाशा मशीनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "कब से?" किशनरावांना ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं चांदपाशांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चिडायची पूर्ण तयारी करून बसलेल्या माणसाला चिडता येईनासं झालं की कसं होतं, तसे ते पायरी झटकायला लागले. "बैठो," ते म्हणाले. मग मोठ्यांदा, गल्लीला ऐकू जाईल असं, "बैठो बोलरौं!" दोघं शेजारी बसले. मग चांदपाशा मला हळूच म्हणाले, "बोल देते तो मैंच नै जाता था थेटर कू, सब लोगां को लेके." हे मी किशनरावांना सांगितलं नाही.

त्याच पायरीवरून मी निर्मात्याला फोन लावला. किशनरावांनी सांगितलं तसं सांगितलं, काही वगळलं नाही. पलीकडे मुलगा चांगला होता, "परवालेदु, काही हरकत नाही," असं पुन्हा पुन्हा म्हणाला. सीन परत घालतो म्हणाला, आणि घातलाही. पुढच्या पिक्चरचं मात्र त्याच्याकडून परत कधी काही आलं नाही. शुक्रवारी दाराबाहेर उभं राहायला नेण्यासाठी येणाऱ्या गाड्याही बंद झाल्या. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं बोलावणं थांबलं.

सीन परत लागेपर्यंत दुसरा आठवडा संपत आला होता आणि पिक्चर एकाच थेटरात उरला होता. शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. सुशीलाबाई आल्या नाहीत, "मी घरी हसून घेते," म्हणाल्या. किशनराव सवयीनं दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. चांदपाशांनी त्यांच्या दंडाला धरलं आणि आत आणलं. स्वतःचा पिक्चर हॉलमध्ये बसून ते पहिल्यांदाच बघत होते. पडद्यावर ते आले की मान खाली घालत.

हॉलमध्ये आम्ही धरून बारा माणसं. दोघं झोपलेली. एक कॉलेजातलं जोडपं आपल्याच नादात. आमच्या पुढे एक बाई लहान मुलाला घेऊन बसली होती. एकवीस नंबर संपत आला तसे चांदपाशा किशनरावांकडे वाकून, तोंड मोठं करून म्हणाले, "सुनो. लोगां हँसे तो मैं तुम्हारी रान पो थाप मारतूं. समझे?" किशनरावांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

बावीस नंबर सुरू झाला. आजोबा म्हणाले, "नक्को देओ लड़की," आणि पुढची बाई हसली. चांदपाशांनी किशनरावांच्या मांडीवर थाप मारली. "सुबू ग्यारा बजे उठता." कुणी हसलं नाही. थाप पडली. मला वाटलं, चुकून. मी वळून बघितलं. चांदपाशा सरळ पडद्याकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नाही, आणि हात पुढच्या वाक्याची वाट बघत वर धरलेला. "मैं दादा हूँ इसका." थाप. आजोबा आठवणी सांगायला लागले. थाप. थांबले. थाप. मूल आईला काहीतरी विचारत होतं. थाप. मग आजोबा रडायला लागले आणि ती बाई पुन्हा एकदा हसली, आणि चांदपाशांनी दोन थापा एकदम मारल्या. किशनरावांचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलत होते, ते मोजत होते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते थांबले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "आठ, बाई. मी मोजले. रिकामा हॉल आणि आठ! बायका होत्या ना हसणाऱ्या?"

चांदपाशा थेटरचं वेळापत्रक वाचण्यात गुंतले, ज्यांना अक्षर वाचता येत नाही. मी उत्तरपत्रिका तपासताना कधी कुणाला अर्धा गुणही फुकट दिलेला नाही. माझी बदली व्हावी म्हणून पालकांनी अर्ज केले होते, तरी दिला नाही. मी किशनरावांच्या पुढे जाऊन उभी राहिले, ओठ नीट दिसतील अशी.

"हव," मी म्हणाले. "सगळ्या बायकाच."

"म्हणजे माझं चुकलंच," ते म्हणाले. "साफ चुकलं. मजबूत होता सीन." आणि ते हसायला लागले, तिथेच, जिन्याच्या कठड्याला धरून. चाळीस वर्षं मी पोरांना त्यांच्या चुका दाखवत आले, पण आपली चूक कळल्यावर इतका खूश झालेला माणूस मी कधी बघितला नव्हता.